पंखापासून उड्डाणापर्यंत: एका शिक्षणक्रमाविषयी खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील तंत्रशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू यांस

विषय: वायुगतिकी व उड्डाणगतिकी यांचे पदव्युत्तर शिक्षण

पंखावरून वाहणारी हवा विमानाला किती उचलते, किती मागे ओढते आणि त्याचे नाक वर किंवा खाली किती वळवते, याचा अभ्यास म्हणजे वायुगतिकी. या बलांमुळे विमान पुढच्या क्षणी आणि पुढच्या मिनिटाला कसे वागेल, वैमानिकाने काठी ओढली तर किती लवकर ऐकेल आणि सोडली तर आपले आपण सावरेल की नाही, याचा अभ्यास म्हणजे उड्डाणगतिकी. पदवीच्या वर्गात हे दोन वेगळे पेपर असतात आणि तिथे ते तसे चालून जाते. पदव्युत्तर पातळीवर मात्र त्यांची फारकत विद्यार्थ्याला महागात पडते, कारण पहिल्या विषयाचे उत्तर हाच दुसऱ्या विषयाचा कच्चा माल असतो. हवेचा एक गुणांक चुकीचा मोजला, तर पुढची सगळी गणिते बिनचूक असूनही विमानाचे भाकीत चुकते.

दोन्ही शाखा जन्मल्या मात्र जवळजवळ एकाच वेळी. १९०४ साली लुडविग प्रांटल यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. पृष्ठभागाला लगटून असलेल्या हवेच्या पातळ थरातच घर्षणाचा सगळा खेळ चालतो आणि तो थर पृष्ठभागापासून सुटला की पंखाची उचल ढासळते, हे त्यातून कळले. १९०८ साली फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विमानाच्या हळू, लाटेसारख्या वरखाली होण्याचे गणित प्रसिद्ध केले. १९११ साली जी. एच. ब्रायन यांनी विमानाच्या स्थैर्याची समीकरणे अशा रूपात मांडली की आजही पदव्युत्तर वर्गात शिकवली जाणारी समीकरणे मूलतः तीच आहेत. भारतात या विद्येची बैठक घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी गटिंगेनला प्रांटल यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवणाऱ्यांत ते होते, आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. सीमास्तराचे समीकरण सोडवणारा माणूस आणि विमानाचा आराखडा कागदावर उतरवणारा माणूस इथे एकच होता. आजच्या शिक्षणक्रमाने डोळ्यांपुढे ठेवावा असा नमुना हाच आहे.

आज या अभ्यासाचे दार बहुतेकांसाठी ‘गेट’ परीक्षेतून उघडते. एरोस्पेसच्या पेपरमध्ये गणिताबरोबर उड्डाणगतिकी, वायुगतिकी, संरचना, प्रणोदन आणि अवकाशगतिकी असे विषय असतात. मेकॅनिकलचे विद्यार्थीही या वाटेने येतात आणि पुष्कळदा उत्तम करतात. मुंबई, कानपूर, मद्रास, खरगपूर येथील आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमची अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था ही या क्षेत्रातली ठळक ठिकाणे. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात एम. टेक.ला वायुगतिकी आणि गतिकी-नियंत्रण अशा स्वतंत्र शाखा आहेत. पुण्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याच्या संस्थेतही एरोस्पेसचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा: पहिल्या वर्षी विषय, दुसऱ्या वर्षी प्रबंध. गेट उत्तीर्णांचे विद्यावेतन दीर्घकाळ महिना १२,४०० रुपयांवरच राहिले आहे. घरची जबाबदारी असलेल्या हुशार मुलाला किंवा मुलीला सॉफ्टवेअरच्या नोकरीऐवजी ही वाट धरायला लावण्याइतके ते नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

पहिल्या सत्रात वायुगतिकीची उजळणी होते, पण ती पदवीच्या अभ्यासाची पुनरावृत्ती नसते. घर्षणरहित प्रवाहापासून सुरुवात करून प्रांटल यांची लिफ्टिंग लाइन, मग सीमास्तर, मग ध्वनीच्या वेगाजवळ आणि त्यापलीकडे उमटणारे आघाततरंग, आणि शेवटी सगळ्यात अवघड असा प्रक्षुब्ध प्रवाह, अशी चढण असते. या चढणीवर एका संख्येची गाठ पावलोपावली पडते. ती म्हणजे रेनॉल्ड्स क्रमांक, हवेच्या जडत्वाचे तिच्या चिकटपणाशी असलेले प्रमाण. दीड मीटर रुंदीचा पंख सेकंदाला ६० मीटर वेगाने हवेतून जात असेल, तर जमिनीलगतच्या हवेत हा क्रमांक सुमारे ६० लाख येतो. त्याच विमानाची एक-दशांश प्रतिकृती तेवढ्याच वेगाच्या विंड टनेलमध्ये ठेवली, तर तो ६ लाखांवर उतरतो. बरोबरी साधायची म्हणून वेग दहापट करावा, तर तो सेकंदाला ६०० मीटर होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या बऱ्याच पुढे, आणि प्रवाहाचे स्वरूपच पालटून जाते. प्रतिकृतीवर मोजलेले आकडे खऱ्या विमानाला जसेच्या तसे का लावता येत नाहीत, आणि तरीही ते कसे उपयोगात आणायचे, हे शिकण्यात या अभ्यासाचा मोठा भाग जातो.

हे शिक्षण पुस्तकात पुरे होत नाही. त्यासाठी विंड टनेलपाशीच उभे राहावे लागते. प्रतिकृती दांडीवर बसवतात. दांडीच्या आत असलेला तराजू धातूला पडणारा सूक्ष्म ताण मोजून बल आणि आघूर्ण सांगतो. आधी वारा बंद ठेवून प्रतिकृतीच्या प्रत्येक कोनाला वाचन घेतात, कारण प्रतिकृतीचे स्वतःचे वजन त्या आकड्यांतून वजा करावे लागते. पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडे मागे कार्बोरंडमच्या बारीक कणांची अरुंद पट्टी चिकटवतात. खऱ्या विमानावर सीमास्तर जिथे प्रक्षुब्ध होतो, साधारण तिथेच तो प्रतिकृतीवरही व्हावा म्हणून. वरच्या पृष्ठभागावर लोकरीचे इंच-इंचभर धागे लावलेले असतात. मग वारा सुरू होतो आणि कोन दोन-दोन अंशांनी वाढत जातो. आठ-दहा अंशांपर्यंत सगळे धागे मागे ताठ असतात. पुढे मागच्या कडेचे धागे थरथरू लागतात, मग गोल फिरतात, मग चक्क उलटे वळून पुढे तोंड करतात. त्याच सुमारास पडद्यावरच्या लिफ्टच्या, म्हणजे उचलीच्या, आलेखाची सरळ रेघ वाकते. धाग्याचे उलटणे आणि रेघेचे वाकणे ज्याने एकाच मिनिटात पाहिले, त्याला स्टॉल म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. तेलात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी कालवून पंखावर फासली, तर प्रवाह कुठे सुटला याची रेघ वारा थांबल्यावरही पंखावर राहते.

देशात अशा मोठ्या सुविधा मोजक्या आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १.२ मीटर छेदाचा त्रिध्वनिक विंड टनेल १९६० च्या दशकापासून चालू आहे. भारतीय लढाऊ विमाने आणि प्रक्षेपक यांच्या प्रतिकृती त्यातून गेल्या आहेत. साठवलेली दाबाची हवा सोडून तो चालतो, म्हणून एका खेपेत हाती येणारा वेळ सेकंदांत मोजायचा असतो. आयआयटी कानपूरच्या राष्ट्रीय विंड टनेल सुविधेचा चाचणी-कक्ष ३ मीटर गुणिले २.२५ मीटर असून वारा सेकंदाला ८० मीटरपर्यंत जातो.

संगणकावरील प्रवाहगणित, म्हणजे सीएफडी, हा आता प्रत्येक अभ्यासक्रमाचा कणा झाला आहे आणि ते योग्यच आहे. नेव्हियर-स्टोक्स समीकरणे प्रक्षुब्ध प्रवाहासाठी थेट सोडवायची तर उड्डाणातल्या रेनॉल्ड्स क्रमांकाला आजचे संगणकही अपुरे पडतात. म्हणून प्रक्षुब्धतेचे प्रतिमान वापरावे लागते. स्पालार्ट आणि ऑलमरस यांचे १९९२ चे किंवा मेंटर यांचे १९९४ चे प्रतिमान सगळीकडे चालते. ही प्रतिमाने चिकटलेल्या प्रवाहात चांगली साथ देतात, पण प्रवाह मोठ्या प्रमाणात सुटला की त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. आणि उड्डाणगतिकीच्या दृष्टीने अवघड प्रसंग नेमके तिथलेच असतात. जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर हलते का, भिंतीलगतचा पहिला कप्पा पुरेसा पातळ आहे का, हे न तपासता काढलेले रंगीत चित्र पुरावा म्हणून धरता येत नाही. ज्या महाविद्यालयात विंड टनेल नाही आणि फक्त सॉफ्टवेअरचा परवाना आहे, तिथल्या विद्यार्थ्याला आपले उत्तर कशाशी ताडून पाहावे हेच कळायला मार्ग राहत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

उड्डाणगतिकी सुरू होते ती सहा समीकरणांनी: तीन दिशांच्या सरकण्याची तीन आणि तीन अक्षांभोवती वळण्याची तीन. स्थिर उड्डाणापासून थोडेसे ढळल्यावर काय होते एवढेच पाहिले, तर ती रेषीय होतात आणि आयगेन मूल्यांचा प्रश्न उरतो. त्यातून विमानाच्या ठरावीक लकबी बाहेर पडतात. नाकाचे जलद डोलणे म्हणजे शॉर्ट पीरियड. वेग आणि उंची यांची संथ देवाणघेवाण म्हणजे फ्युगॉइड. नाक डावीउजवीकडे आणि पंख वरखाली अशी एकत्र हेलकाव्यांची चाल म्हणजे डच रोल. शिवाय रोल आणि स्पायरल या दोन लकबी असतातच.

यातले फ्युगॉइड विद्यार्थ्याने हाताने सोडवावे असे आहे. लँचेस्टर यांनी असे धरले की हल्ल्याचा कोन, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, बदलत नाही आणि ओढ जवळजवळ नाही. मग हेलकाव्याचा काळ म्हणजे वेगाला गुरुत्वीय त्वरणाने भागून पाय (π) आणि दोनच्या वर्गमुळाने गुणायचे, एवढेच. सेकंदाला ६० मीटर वेगाला हा काळ सुमारे २७ सेकंद येतो. विमानाचे वजन, आकार, पंखाचा घाट यांतले काहीच त्या सूत्रात नाही, याचे नवल प्रत्येक नव्या तुकडीला वाटते. पण हेलकावा किती लवकर मरतो हे पाहायला गेले की वायुगतिकी मागच्या दाराने आत येते. त्याचे अवमंदन गुणोत्तर ढोबळमानाने एक भागिले लिफ्ट-ड्रॅग (उचल-ओढ) गुणोत्तर आणि दोनचे वर्गमूळ यांचा गुणाकार, असे येते. लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर १० असेल तर अवमंदन ०.०७, आणि २० असेल तर ते निम्मे, ०.०३५. म्हणजे पंख जितका सफाईदार, तितका हा हेलकावा जास्त वेळ रेंगाळतो. वायुगतिकीच्या वर्गात जे निखळ यश म्हणून शिकवले जाते, त्याची किंमत उड्डाणगतिकीच्या वर्गात मोजावी लागते. दोन्ही विषय एकाच अध्यापकाने, निदान एकाच वेळापत्रकात, शिकवण्यामागचे खरे कारण असल्या ठिकाणी दिसते.

हेच गणित हवेत जाऊन पडताळता येते. आयआयटी कानपूरला स्वतःची धावपट्टी आणि उड्डाण-प्रयोगशाळा आहे. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्डला १९४६ साली विमानविद्येचे महाविद्यालय सुरू झाले. तिथेही विद्यार्थ्यांना विमानातच वर्ग भरवून उड्डाणातली मोजमापे दाखवतात. वैमानिक विमान सरळ, समतल उड्डाणात बसवतो, काठी किंचित ओढून वेग थोडा कमी करतो आणि सोडून देतो. मागे बसलेले विद्यार्थी वेग आणि उंची टिपत जातात. नाक आपोआप खाली जाते, वेग वाढतो, मग नाक वर येते. घड्याळात मोजलेला काळ आणि कागदावरचे उत्तर सहसा तंतोतंत जुळत नाही. फरक कुठून आला हे शोधणे हाच त्या दिवसाचा अभ्यास.

दुसरा प्रयोग याहून मोलाचा आहे. गुरुत्वमध्य कुठपर्यंत मागे नेला तर विमानाचे स्थैर्य संपते, तो न्यूट्रल पॉइंट धोका न पत्करता शोधायचा असतो. विमान वेगवेगळ्या वेगांना समतोल ठेवून प्रत्येक वेळी शेपटीवरच्या एलिव्हेटरचा कोन वाचतात आणि तो लिफ्टच्या गुणांकासमोर मांडतात. एक सरळ रेघ मिळते. गुरुत्वमध्य थोडा मागे घेऊन पुन्हा उड्डाण केले की दुसरी रेघ येते, पहिलीपेक्षा आडवी. रेघांचे चढ गुरुत्वमध्याच्या जागेसमोर मांडून ते शून्यावर कुठे येतील हे पुढे वाढवून पाहतात. त्या जागेपर्यंत कोणीही प्रत्यक्ष उडत नाही, पण ती कुठे आहे हे कळलेले असते.

दोन्ही विद्यांची गाठ किती जीवघेणी असू शकते हे २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दिसले. बीएसी वन-इलेव्हन या नव्या प्रवासी विमानाची स्टॉलची चाचणी इंग्लंडमध्ये चालू होती. इंजिने मागच्या बाजूला आणि आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर, अशी त्याची रचना. मोठ्या कोनाला पंखावरून सुटलेली मंद, गढूळ हवा नेमकी त्या उंच शेपटीवर आली. काठी पूर्ण पुढे ढकलूनही नाक खाली येईना. विमान जवळजवळ सपाट अवस्थेत खाली कोसळले आणि त्यातील सातही जण दगावले. पंखामागच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्याला शेपटीच्या परिणामकारकतेची काळजी हवी, आणि स्थैर्याचा आलेख काढणाऱ्याने तो आलेख स्टॉलच्या पुढेही तपासला पाहिजे. त्यानंतर अशा रचनेच्या विमानांत वेळीच काठी पुढे ढकलणारी यंत्रणा बसू लागली.

दुसऱ्या सत्रात नियंत्रणाचा अभ्यास येतो. त्यासाठी भारतीय विद्यार्थ्यापुढे तेजसइतके चांगले उदाहरण नाही. आडवी शेपटी नसलेल्या त्रिकोणी पंखाचे हे विमान हेतुपुरस्सर अस्थिर ठेवलेले आहे, म्हणजे वळणाला चपळ आणि ओढ कमी. अशा विमानाला माणसाचा हात सावरू शकत नाही. चार समांतर मार्गांची डिजिटल संगणकप्रणाली सतत नियंत्रण-पृष्ठभाग हलवत राहते तेव्हाच ते उडते. ते कसे हलवायचे हे ठरवणाऱ्या नियंत्रण-नियमांसाठी १९९२ साली राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत एक राष्ट्रीय गट नेमला गेला. काही काम अमेरिकी कंपनीबरोबर चालू असताना मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले आणि तिथले भारतीय अभियंते परतले. पुढचे काम देशातच पुरे झाले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा उडवले. त्या उड्डाणामागे विंड टनेलमधून आलेल्या गुणांकांचे भांडार होते, आणि त्या गुणांकांत काही टक्के चूक असली तरी विमान सावरेल अशा रीतीने नियम बांधलेले होते. किती चूक धरायची, हे गुणांक कसे मोजतात हे ठाऊक असलेल्यालाच सांगता येते.

अशा प्रणालींच्या मर्यादाही शिकवल्या पाहिजेत. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाला १९८९ आणि १९९३ साली अपघात झाले. वैमानिकाच्या हालचालीमागे नियंत्रण-पृष्ठभागांना वेग अपुरा पडला आणि वैमानिक व विमान एकमेकांना चुकवत हेलकाव्यात अडकले. रेषीय गणितात ही मर्यादा दिसत नाही.

उड्डाणात नोंदलेल्या आकड्यांवरून उलट गणित करून हवेचे गुणांक काढणे, याला प्रणाली-ओळख म्हणतात. हा दोन्ही विषयांचा खरा संगम, आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी फार सकस क्षेत्र. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या एरोस्पेस केंद्रात काम केलेले रवींद्र जातेगावकर यांचा या विषयावरचा ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. चांगला प्रबंध छोटा प्रश्न घेतो: एका ड्रोनचे पिच-अवमंदन विंड टनेलमध्ये किती, सीएफडीत किती आणि उड्डाणात किती, आणि तिन्ही का जुळत नाहीत. वर्षभरात एवढे नीट उलगडले तरी पुष्कळ झाले.

महाराष्ट्राला या सगळ्याची गरज आहे, कारण विमान राज्यात आहेच. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिग आणि पुढे सुखोई-३० बांधली आणि आता तेजसची उत्पादनरेषाही तिथे आहे. ड्रोनचे उद्योग पुण्या-मुंबईत वाढत आहेत. विमान बांधता येणे ही एक गोष्ट आणि ते तसे का उडते हे सांगता येणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारची माणसे पदव्युत्तर वर्गात घडतात.

म्हणून शासनाने आणि विद्यापीठांनी पुढील गोष्टींचा विचार करावा. प्रत्येक महाविद्यालयात छोटा, फारसा उपयोग नसलेला विंड टनेल बसवण्यापेक्षा राज्याच्या तंत्रविद्यापीठांनी मिळून एक चांगला, कमी वेगाचा, सामायिक विंड टनेल उभारावा. त्याचे अंशमापन चोख ठेवावे आणि तिथे कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमावेत, कारण तंत्रज्ञ नसेल तर टनेल दोन वर्षांत अडगळीची खोली होतो. उड्डाण-प्रयोगांसाठी कानपूरसारख्या प्रयोगशाळेशी करार करून प्रत्येक विद्यार्थ्याचे किमान एक सत्र तिथे व्हावे आणि त्याचा खर्च शुल्कात न धरता शासनाने उचलावा. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरला इंजिन नसल्याने वेगवेगळ्या वेगांना तो सेकंदाला किती खाली येतो एवढे मोजले की ड्रॅगचा संपूर्ण आलेख हाती येतो. याहून स्वस्त आणि शुद्ध प्रयोग नाही. गुणपत्रिकेत वायुगतिकी आणि उड्डाणगतिकी यांचा एक संयुक्त प्रकल्प सक्तीचा असावा. एकच विमान, प्रतिकृतीपासून हेलकाव्यापर्यंत. पदव्युत्तर जागा मंजूर करताना संगणकांच्या संख्येआधी विंड टनेलच्या नोंदवहीची पाने पाहिली जावीत. विद्यावेतनात राज्याने आपली भर घालावी, विशेषतः ग्रामीण भागातून येणाऱ्यांसाठी आणि मुलींसाठी.

नव्या विषयांची नावे अभ्यासक्रमात घालण्याआधी एवढे झाले तर पुरे.

वायुगतिकीचा एक अध्यापक